अप्पांचा काळा बॅनर

हे सगळं खरं हाये मामा. आईची आन. म्हणजे आईची नको, तिला शुगर हाये. अप्पांची आन घेतली असती, पण त्यांच्यावर माझ्यामुळं एकदा वेळ येऊन गेली, दुसऱ्यांदा बरं दिसत न्हाई. आन कुणाचीच न्हाई असं धरा. बारा आणे खरं हाये. उरलेले चार आणे मला नीट आठवत न्हाई, पण तसंच झालं असंल.

बसा. ही खुर्ची घ्या, तिचे चारीबी पाय शाबूत हायेत. च्या येऊन राह्यला. नवरदेव मारुतीला गेलाय, घोडा आपल्या मर्जीनं चालतो, अर्धा तास कुठं जात न्हाई.

लग्नाच्या मांडवात हा पोरगा नवी टोपी घालून असं तोंड पाडून काहून बसला, हेच विचारलं ना तुम्ही? सकाळपासून विचारणारे तुम्हीच पहिले. बाकीच्यांना माहीत हाये, म्हणून ते विचारत न्हाईत, नुसते पाठीवर हात ठेवून जातात.

तर ऐका. मी गणेश. तीर्थपुरीत स्टँडच्या समोर बॅनर छापायचं दुकान हाये माझं. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळं. वय एकोणतीस. हे वय मी मुद्दाम सांगून राह्यलो, कारण आपल्या भागात एकोणतिसाव्या वर्षी पोराचं लग्न व्हायचं असलं तर एक तर त्याला नोकरी पाहिजे, न्हाई तर त्याचा नाद सोडून द्यायला पाहिजे. सहा जागी मला पाहून गेले. सहाबी जागी एकच प्रश्न. "दुकान हाये ते बराबर. पण करतो काय?"

सातवी जागा सुदामअप्पांची शीतल. अप्पा म्हणजे हेच, आज ज्यांच्या दारात आपण बसलो. एकुलती एक पोर, आई लहानपणीच गेलेली. अप्पांनी मला पाह्यलं, दुकान पाह्यलं, मशीन पाह्यलं. मशीनला हात लावून म्हणले, "पितरं चालू हायेत. आता सोयरिकीचं काही बोलायचं न्हाई. पंधरा दिवस जाऊ द्या, मंग सुपारी फोडू."

मामा, मला आयुष्यात कुणी इतकं जवळ आणून सोडलं नव्हतं. पंधरा दिवस फक्त गप बसायचं होतं. सांगा, एवढं सोपं काम कुणाला जमणार न्हाई?

मला जमलं न्हाई.

झालं असं, की त्याच पितरांत माझ्या दुकानात एक पोरगा आला. प्रशांत नाव. केस पार खांद्याखाली, पण बोलायला एकदम गरीब. म्हणला, "दादा, आमच्या बँडचा शो हाये, इथल्याच मंगल कार्यालयात. बॅनर पाहिजे."

बँड म्हणल्यावर मला वाटलं वरातीतला. तर न्हाई. हे लोक म्हणे तोंडाला पांढरा रंग फासतात, डोळ्याभोवती काळं करतात, मयताचं सोंग घेतात, स्टेजवर मेणबत्त्या लावतात आन घसा फाटेस्तोवर ओरडतात. जालन्यातल्या हॉलवाल्यांनी फोटो पाहूनच हात जोडले. आमचं कार्यालय पितरांत रिकामं असतं. पंधरा दिवस लग्न न्हाई, मुंज न्हाई, मालक माशा मारत बसतो. त्यानं दिलं.

प्रशांतनं पेनड्राइव्हमधून त्यांच्या बँडचं नाव उघडून दाखवलं. मी पाह्यलं. उलटं करून पाह्यलं.

"हे काय हाये?"

"नाव हाये दादा, बँडचं."

"मला वाटलं बाभळीच्या काट्याचा फास हाये. हे वाचता येत न्हाई."

"तसंच असतं. वाचता येऊ नये."

"मंग लोकांना कळणार कसं?"

"ज्याला कळायचं त्याला कळतं."

धंद्यात नऊ वर्षं झाली मामा. माझ्याकडं लोक येतात आन सांगतात, नाव इतकं मोठं टाक की एसटीतून जाणाऱ्या आंधळ्याला दिसलं पाहिजे. नाव वाचता येऊ नये म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. अजूनबी त्या बँडचं नाव मला माहीत न्हाई. विचारायची आता हिंमत होत न्हाई.

वरून म्हणला, सगळा बॅनर काळा. रंग चालणार न्हाई. वर ते काट्याचं नाव, खाली वार, वेळ, जागा. बस.

आता पंधरा बाय दहाचा बॅनर आन त्याच्यात एवढी मोकळी जागा. आपल्याकडं बॅनरवर मोकळी जागा सोडणं म्हणजे कुणाचा तरी फोटो राह्यला, असा अर्थ होतो. मला तर ती जागा पाहूनच घाम फुटला. आन त्याच घामात मला ती आयडिया आली.

तिथं अप्पांचा फोटो टाकायचा. अध्यक्ष म्हणून.

विचार करा ना. सासरा होऊ घातलेला माणूस. त्याला आयुष्यात कव्हा कुणी अध्यक्ष केलं न्हाई, सोसायटीत एकदा हार घालून फोटो काढला तेवढाच मान. त्याचा एवढा मोठा फोटो भर चौकात. पितरं संपायची काय, सुपारी तिथंच फुटंल.

प्रशांतला म्हणलं, "बॅनरचे पैसे देऊ नको. फक्त एक अध्यक्ष घ्यावा लागंल."

"आमच्या शोला अध्यक्ष नसतो दादा."

"तीर्थपुरीत असतो."

कार्यालयाचा मालक तिथंच बसलेला. तो म्हणला, "अध्यक्षाशिवाय कसा कार्यक्रम? दीपप्रज्वलन कोण करणार?"

प्रशांतनं पेनड्राइव्ह खिशात टाकला. मंग म्हणला, "मेणबत्त्या तशा हायेत आमच्याकडं."

अप्पांना जाऊन सांगितलं. संगीताचा कार्यक्रम हाये, तरुण पोरं हायेत, अध्यक्ष तुम्ही. अप्पांनी आधी दोनदा न्हाई म्हणलं, तिसऱ्यांदा विचारलं, खुर्ची मधली का बाजूची? फोटो पाहिजे म्हणून मी त्यांचा मोबाईल दुकानात आणला. फोटो काढून घेतला, मोबाईल ड्रॉवरमधी टाकला, तो तिथंच बंद पडला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

आता माझं डिझाईन ऐका. वर काट्याचं नाव, पांढरं. मधी अप्पा, सोसायटीतल्या हारासकट. रंग चालत न्हाई म्हणून फोटो काळा-पांढरा केला. खाली 'मा. श्री. सुदामअप्पा', पांढऱ्यात. त्याच्या खाली वार, वेळ, जागा, माझा नंबर, तेबी पांढऱ्यात. आन सगळंच काळं-पांढरं बरं दिसंना म्हणून चोरून दोन-तीन गोष्टी लाल अक्षरात टाकल्या. 'भव्य संगीत सोहळा' लाल. 'अध्यक्षस्थान' लाल. कोपऱ्यात माझा फोटो, गॉगल घातलेला, अंगठा दाखवून हसतानाचा, त्याच्याखाली 'शुभेच्छुक' लाल.

मशीन चालू केलं आन जेवायला गेलो.

मशीनच्या लाल शाईचं हेड त्या दिवशी चोक झालं. लाल आलंच न्हाई. काळ्यावर काळं आलं.

आन मी पाह्यलं न्हाई. रविवारी सकाळी उन्हात, घाईत, डोळ्यात तिरीप, चौकात बांधला, खाली उभं राहून मोबाईलमधी फोटो काढला आन दिसंल त्या ग्रुपवर टाकला. अप्पांच्या पाव्हण्यांच्या ग्रुपवर आधी.

आता डोळे मिटा आन तो बॅनर पाहा. काळाकुट्ट. वर काटे. मधी हार घातलेला अप्पांचा काळा-पांढरा फोटो. खाली नाव. आज, रविवार, सायंकाळी पाच वाजता.

मी हप्त्याला दोन श्रद्धांजल्या छापतो मामा. बाकी कुणाला न्हाई तर मला तरी कळायला पाहिजे होतं. पण माणूस सासरा पाहून राह्यला असला की त्याला मयत दिसत न्हाई.

दुपारी बारा-साडेबाराला फोन आला. अप्पांची मोठी बहीण आष्टीला दिलेली हाये, गयाबाई. तिचा पोरगा बंडू.

"गणेशभाऊ, अप्पामामाचं खरं का?"

"खरं म्हणजे काय? बॅनर पाह्यला न्हाई का?"

"तोच पाहून राह्यलो. मामाचा फोनबी बंद हाये. तुमची मस्करी तर न्हाई ना?"

हा प्रश्न त्यानं उगंच विचारला न्हाई. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वेशीतली लाइटीची डीपी महिनाभर जळून पडल्ती, तव्हा मी डीपीचा श्रद्धांजलीचा बॅनर लावल्ता. दशक्रिया विधीच्या तारखेसकट. तालुक्यात माझं नाव तेवढ्यावरच हाये.

मी म्हणलं, "बंडूभाऊ, दुसऱ्या कशाचीबी मस्करी करीन. अप्पांची करीन का?"

तिकडं त्यानं गयाबाईला काहीतरी सांगितलं. मंग बारीक आवाजात, "असं अचानक कसं काय?"

"अचानकच झालं. परवाच. मीच पुढाकार घेतला."

"तुम्ही?"

"मंग? घरचं कोण हाये त्यांना दुसरं?"

"त्रास तर न्हाई झाला त्यांना?"

"बिलकुल न्हाई. उलट चेहऱ्यावर असं समाधान होतं का, काय सांगू."

बंडूनं नाक ओढलं. मला वाटलं सर्दी हाये.

"आन कार्यालयात काहून ठेवलं?"

"आता एवढे लोक येणार, घरी मावतील का? आत्याला घेऊन या. पाचच्या आत या, नंतर जागा मिळणार न्हाई. आत्याला पार पुढं बसवतो, अप्पांच्या समोर."

"अजून काही आणायचं का?"

"हार तेवढा आणा."

त्यानं फोन ठेवला. मला मनातून वाटलं, काय माणसं हायेत, मामा अध्यक्ष झाला तर पोरगा गहिवरून राह्यला. असलं सासर मिळायला भाग्य लागतं.

शीतलला कुणी फोन लावला का? न्हाई. आत्या म्हणली म्हणे, लेकरावर आभाळ कोसळलं असंल, तिला काय विचारायचं.

पाच वाजले. कार्यालय तसं छोटंच हाये, दोनशे माणसाचं. मागं जालन्याहून आलेली तीसेक पोरं, सगळी काळ्या बनियनीत. पुढं तीन रांगा अप्पांच्या गावच्या, खांद्यावर टॉवेल. चौक त्यांच्या वाटेत लागत न्हाई, त्यामुळं बॅनर अजून कुणी पाह्यला नव्हता. दुसऱ्या रांगेत शीतल. स्टेजवर नवरा-नवरीची ती लाल मखमलीची खुर्ची, सोनेरी हाताची, मालकानं दुसरी खुर्ची दिलीच न्हाई. तिच्यावर अप्पा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. आल्याआल्या मालकानं सत्कार केल्ता, त्यामुळं गळ्यात झेंडूचा हार.

अप्पांनी मेणबत्त्या लावल्या. नारळ फोडला. ठिबक सिंचनावर वीस मिनिटं बोलले. मागची काळी पोरं चूपचाप ऐकून राह्यली, एकानं तर प्रश्नबी विचारला.

मंग दिवे गेले. धूर सुटला, तोच, लग्नात नवरी येताना सोडतात तो. बँडची पोरं आली, तोंडं पांढरी, डोळ्याभोवती काळं, ओठ काळे. आन स्टेजच्या मधोमध एक मयताची पेटी. प्रशांतनं त्या पेटीतून बाहेर यायचं, असं नाटक होतं. पेटी आमच्या सुतारानं केलेली. त्यानं आयुष्यात मयताची पेटी केलेली न्हाई, धान्याच्या कोठ्या केल्या. सवयीनं त्यानं पेटीला बाहेरून कडी बसवल्ती. आन ती लागली.

गिटारी वाजून राह्यल्या, धूर वाढून राह्यला, आन पेटीतून नुसतं ठक ठक. दोन मिनिटं झाली. शेवटी अप्पाच खुर्चीवरून उठले, "थांब लेकरा," म्हणले, आन कडी काढली.

झाकण उघडून ते पांढरं तोंड बाहेर आलं. अप्पांना म्हणलं, "थँक्यू काका." आन मंग असं ओरडलं, की माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बेरिंग गेली का रे मशीनची?"

मी शीतलकडं पाह्यलं. ती मान जोरजोरात वर-खाली करून राह्यल्ती, केस सगळे तोंडावर. मला वाटलं पोरीला भोवळ आली. पाण्याची बाटली घेऊन पळत गेलो.

"बाजूला व्हा ना," म्हणली. "दिसत न्हाई."

दोन गाणी झाली. म्हणजे मला एकच वाटलं, पण मागच्या पोरांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याच्या आधी एकदम शांतता झाली, नुसता धूर आन मेणबत्त्या. अप्पा त्या खुर्चीवर हार घालून समाधानानं बसलेले, आजूबाजूला चार पांढरी तोंडं खाली मान घालून उभी.

नेमकं तव्हा मागचं दार उघडलं.

आष्टीहून दोन जीप आल्त्या. बाया तोंडाला पदर लावून, गडी टोप्या हातात घेऊन. सगळ्यांच्या पुढं गयाबाई आत्या, बंडूनं दंडाला धरलेली. बंडूच्या हातात हार.

आत्यानं अंधारात डोळे बारीक केले. धूर पाह्यला. पेटी पाह्यली. ती पांढरी भुतं पाह्यली. आन मधी आपला भाऊ, पांढऱ्या कपड्यात, गळ्यात हार, सोन्याच्या खुर्चीवर.

ती ओरडली न्हाई मामा. ओरडली असती तर बरं झालं असतं. हात जोडले आन अगदी शांत आवाजात म्हणली, "सुदामा, वर तरी खुर्ची मिळाली रे बाबा तुला."

आन खाली बसली. बसली म्हणजे पडली.

अप्पा खुर्चीवरून उठले. "आक्का?"

मयत उठलं म्हणल्यावर आष्टीच्या बायांनी जो आवाज काढला, तो प्रशांतला दहा वर्षं रियाज करून काढता आला नसता. मागच्या पोरांना वाटलं, हे नाटकातच हाये. ती उभी राहून टाळ्या वाजवून राह्यली, मोबाईल काढून शूटिंग करून राह्यली. एक जण मला म्हणला, "दादा, जालन्यात असं काही होतच न्हाई."

मी हललो न्हाई. मला काही समजलंच नव्हतं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, ती मी पिऊन टाकली.

हलला तो प्रशांत. एका उडीत स्टेजवरून खाली. "बाजूला व्हा, हवा येऊ द्या. धूर बंद करा. पंखा लावा. पाय वर धरा मावशीचे." आत्याची नाडी पाह्यली. एका पोराला पिटाळून गाडीच्या डिक्कीतून बीपीचं मशीन आणायला लावलं.

आत्यानं डोळे उघडले. वर पाह्यलं तर एक पांढरं तोंड, काळे ओठ, काळे डोळे, आन तिचा हात त्याच्या हातात.

"यमाकडचा का रे तू?"

"न्हाई मावशी. ग्रामीण रुग्णालयाचा."

आत्यानं जरा विचार केला.

"सकाळी बीपीची गोळी घेतली का?" प्रशांतनं विचारलं.

"न्हाई. मयतीला निघाल्तो ना, पोटात काहीच न्हाई."

"कुणाची मयत?"

आत्यानं बोट दाखवलं. अप्पा उभे होते तिथंच, बहिणीच्या उशाला, गळ्यातला हार तसाच.

मंग बंडूनं मोबाईल काढला. बॅनर काढला. अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. सगळं कार्यालय वाकून पाहून राह्यलं. जालन्याच्या पोरांनी शूटिंग थांबवलं.

मी म्हणलं, "अप्पा, लाल शाईचं हेड चोक झाल्तं."

माणसाच्या तोंडातून वेळेवर काय निघंल सांगता येत न्हाई.

अप्पांनी ऐकलंच न्हाई. ते बॅनरच्या कोपऱ्यात बोट ठेवून पाहून राह्यले होते. मंग विचारलं, "माझ्या मयतीत हा गॉगल घालून हसून कोण राह्यला?"

दोनशे डोळे फिरले. मी हजारानं बॅनर छापले मामा. पण माझा फोटो बॅनरवर कसा दिसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बंडू म्हणला, "तरी मी आईला म्हणलं, गणेशभाऊची मस्करी असंल. तर ती म्हणली, होणाऱ्या सासऱ्याची असली मस्करी माणूस करणार न्हाई."

मला वाटलं आता अप्पा मारतील. मनातून वाटून राह्यलं, मारा. मार खाल्ला का विषय मिटतो, पितरं संपली का सुपारी फुटते. पण अप्पांनी मला जवळ घेतलं. खांद्यावर हात ठेवला आन म्हणले, "गणेश, पोरगा तू वाईट न्हाई."

झालं. ज्या बोलण्याची सुरुवात 'वाईट न्हाई' अशी होते, त्याचा शेवट सांगायची गरज नसते. मी सहा वेळा ऐकलंय.

तिकडं आत्या उठून बसल्ती. कुणीतरी पेटीवर बसवलं तिला, खुर्च्या लांब होत्या. प्रशांत खाली बसून तिला ग्लुकोज पाजून राह्यला, रंग घामानं ओघळून सदऱ्यावर आलेला. आत्या त्याच्याकडं टक लावून पाहून राह्यली.

"पर्मनंट हाये का रे?"

"हो मावशी. दोन वर्षं झाली."

आत्यानं अप्पांकडं पाह्यलं. अप्पांनी आत्याकडं पाह्यलं. मामा, मी त्या दोघांच्या मधी उभा होतो. ती नजर माझ्या अंगातून आरपार गेली, मला जाणवली.

"पितरं चालू हायेत," अप्पा घसा खाकरून म्हणले, "सोयरिकीचं तर काही बोलायचं न्हाई. पण लेकरा, गाव कोणतं म्हणलास?"

"टेंभुर्णी."

"टेंभुर्णीला आमची एक चुलत नणंद दिलेली हाये," आत्या म्हणली. "वड्याच्या अलीकडं घर."

"ती आमची मोठी काकू."

पुढं दहा मिनिटं मेणबत्त्यांच्या उजेडात, मयताच्या पेटीवर बसून, त्या पांढऱ्या तोंडाच्या पोराची सात पिढ्यांची चौकशी झाली. सोयरिकीचं कुणी एक अक्षर बोललं न्हाई. नियम म्हणजे नियम.

मी शीतलकडं गेलो. म्हणलं निदान तिला तरी काही सांगावं. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे पुसून. आधी मला वाटलं रडून राह्यली. जवळ गेलो तर हसून राह्यल्ती.

"शीतल, माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"माहीत हाये मला," म्हणली. "त्यांना विचारता का, राह्यलेली गाणी घेणार का न्हाई? मी मोबाईलवर दोन वर्षं ऐकते त्यांना. आन जाताना मागचा पंखा चालू करा ना, गणेशभाऊ."

भाऊ.

तोपर्यंत ती मला काहीच म्हणत नव्हती. 'अहो' न्हाई, 'तुम्ही' पण जपून. माझ्या मनात किती आशा होती त्या काहीच न म्हणण्यात. आन निघालं ते भाऊ.

मी पंखा चालू केला. राह्यलेली गाणी झाली. आष्टीच्या बाया शेवटपर्यंत बसल्या, म्हणल्या, एवढं रडायच्या तयारीनं आलो, तर मोकळं होऊन जाऊ. ते संगीत त्यांना बराबर जमलं.

पितरं संपली. सुपारी फुटली. कुणाची ते मांडवात दिसूनच राह्यलं. दारातला बॅनर मीच छापलाय, फुकट. अप्पांनी फक्त एक सांगितलं, काळा रंग मशीनमधून काढून ठेव.

मी म्हणलं चला, बॅनरवर सुटलो. पण मंग एक दिवस अप्पा दुकानात आले. माझ्यासमोर बसले. म्हणले, "गणेश, जित्या माणसाच्या मरणाची बातमी उठली का त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. ती बातमी तू उठवली. तुझ्यामुळं मला दहा-वीस वर्षं जास्तीची मिळाली. मी तुला परका मानत न्हाई. तू मला लेकासारखा."

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू.

आन मंग त्यांनी हिशोब पुढं नेला. मी लेक, तर शीतलला कोण? शीतलला सख्खा भाऊ न्हाई. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. त्याच्याशिवाय लग्न पुरं होत न्हाई.

म्हणून ही टोपी मामा. म्हणून सकाळपासून इथं बसवून ठेवलंय मला. आज या मांडवातला कानपिळ्या मी. जिला बायको करायला निघाल्तो तिचा भाऊ होऊन, जो माझ्या जागी उभा राहणार त्याचा कान धरायचा, आन लोकांनी हसायचं. आत्या सकाळी येऊन शिकवूनबी गेली, कसा धरायचा ते.

ऐका, आलाच घोडा. आता हे हलगीच्या मधी कोण ओरडून राह्यलं ऐकू येतं का? त्याच्याच बँडची पोरं हायेत. आज तोंडं धुऊन आली, एकाचीबी ओळख लागंना मला.

एक विचारू? मघापासून पाहून राह्यलो, तुमच्या काखेत ती मानपानाची पिशवी हाये. तुम्ही टेंभुर्णीच्या वऱ्हाडातले. नवरदेवाचे सख्खे मामा तुम्हीच ना? मला माहीत होतं. उगंच न्हाई एवढं सांगत बसलो.

कानपिळ्याला खुश केल्याशिवाय कान सुटत न्हाई, ही रीत तुमच्याकडंबी असंलच. टॉवेल-टोपीवर भागवायचं म्हणत असाल तर आज भागणार न्हाई. आता सगळं ऐकलंत तुम्ही. पोराचा कान किती पिळला जाईल, याचा अंदाज तुम्हाला आलाच असंल.

काढा मामा. घोडा दारात येईस्तोवर वेळ हाये.